जाळ्याची गाठ

भावनानं गाडी वाळत घातलेल्या बोंबलांच्या दांडीपासून हातभरावर कचकन थांबवली, दार आपटलं आणि ओटीवर पसरलेल्या जाळ्यावर दोन वस्तू फेकल्या. एक काड्यापेटीएवढं काळं डबडं आणि दुसरी गाडीची किल्ली. किल्ली फेकायची नव्हती. पण रागात हातात होतं ते सगळंच गेलं.

सकाळीच ती निघाली होती. एकटी, स्वतःच्या गाडीनं, चिंचणीहून थेट अरुणाचलातल्या तवांगला. बोईसरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत राबून तिनं रजा साठवली होती, चाक बदलायला शिकली होती. आईनं नाव दर्यात सोडताना फोडतात तसा गाडीपुढे नारळ फोडला होता. चारोटी नाक्यावर चहाला थांबली तेव्हा पडलेला चष्मा काढायला तिनं सीटखाली हात घातला, तर हे हाताला लागलं. सीटच्या लोखंडाला घट्ट बांधलेलं. गाडी कुठं आहे ते घरबसल्या फोनवर दाखवणारं यंत्र. चाकूनं दोरा कापला आणि तिनं गाडी मागं वळवली. शहाण्या माणसानं ते डबडं तिथंच गटारात टाकून पुढची वाट धरली असती. पण राग आणि शहाणपण एका गाडीत बसत नाहीत.

तिनं निमेशला हाक मारली. निमेश धाकटा भाऊ, रात्रपाळी करून झोपलेला. डोळे चोळत बाहेर आला तोच तिनं त्याला फैलावर घेतलं. मी काय दावणीची शेळी आहे का, तुला हा शहाणपणा कोणी सांगितला होता, तू मित्रांबरोबर गोव्याला गेलास तेव्हा तुझ्या बुडाखाली कोणी काय बांधलं होतं का, असं सगळं शेजारच्या देवूच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. निमेश आईची शपथ घेत होता. हे डबडं आपण आयुष्यात पहिल्यांदा बघतोय म्हणत होता. त्याच्या तोंडावरची झोप खरी होती, पण भावनाला ती साळसूदपणाची वाटली.

त्यांची आई हंसा ओल्या हातानं चुलीपासून उठून आली. तिनं डबडं उचललं, उलटं केलं. कापलेला नायलॉनचा दोरा अजून त्याला चिकटून होता, गाठीसकट. तिनं गाठ नखानं दाबून पाहिली.

"याला जाल्याची गाठ येते का कदी?" ती म्हणाली.

निमेशनं जन्मात जाळ्याला हात लावला नव्हता. शाळा संपली तसा तो कारखान्यात चिकटला होता. अशी दुहेरी वेढ्याची, ओढाल तितकी आवळणारी गाठ मारणारा घरात एकच होता आणि तो त्याच जाळ्यावर बसून जाळं सांधत होता. कमलाकांत. या दोघांचा बाप, स्वतःच्या नावेचा तांडेल. गाडी आल्यापासून त्यानं मान वर केली नव्हती. आता त्याच्या हातातली सुई थांबली. भावनाला ही गाठ नाक्यावरच ओळखायला हवी होती. लहानपणापासून ती हीच गाठ पाहत आली होती.

"मीच बांदला," कमलाकांत म्हणाला. "पोरीची जात, एकटी जाते. मना रातची झोप नाय लागनार."

आणि बोलता बोलता त्यानं जाळ्यावरची किल्ली उचलून मुठीत घेतली. आता वाटेतून परत आलीच आहेस तर तो देवाचाच कौल समज, दिवाळीनंतर चार माणसांबरोबर आगगाडीनं नीट जा, असं तो समजुतीनं सांगू लागला. जणू मोठी मेहेरबानी करत होता.

भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला. मग घरात कोणी कधी बोलत नाही ते ती बोलली.

"नावेवर पन असाच यंत्र हाय ना? खाडीतून भायेर पडले का तुमीच तो बंद करता. तुमाला कोनी इचारते, कुठं होते?"

"तो धंदा हाय. मासली कुठं गावते ते दुसऱ्याला कलाला नको," कमलाकांत म्हणाला. "आनि मी बाप्या मानूस हाय."

खरंच, त्याला कोणी विचारत नव्हतं. दर्यावर निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारायचं नाही, विचारलं की जाळं रिकामं येतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूनं हंसाला पहिली गोष्ट शिकवली ती ही. त्यानंतर तो कधी चार दिवस, कधी दहा दिवस, कधी वादळाचा बावटा लागलेला असतानाही बाहेर राहिला. हंसा किनाऱ्यावर जाऊन उभी राहायची आणि परत यायची. परत आल्यावरही तिनं त्याला कधी विचारलं नाही.

तिनं पदराला हात पुसले. नवऱ्यासमोर बसली आणि त्याची मूठ धरून एकेक बोट उघडलं. असं या घरात कधी घडलं नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यानं ते उघडू दिलं. किल्ली तिनं भावनाच्या हातात ठेवली.

"जा. ऊन चढाच्या आदी हायवेला लाग."

भावना गाडीत बसली. गाडी सुरू झाली तसा कमलाकांत उठला. पाय जाळ्यात अडकले, ते सोडवत तो ओटीच्या कडेला आला.

"आज रातीला कुठं..."

"निगालेल्याला इचारीत नाय," हंसा म्हणाली.

गाडी वळणाआड गेली. मग हंसानं ते काळं डबडं नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि वरून हातानं दाबलं.

"उद्या नाव काडाल तवा हा खिशातच राव द्या," ती म्हणाली. "मना पन एकदा झोप लागू द्या."