बंद ढीग

ढीग बंद होता. टेकाडावरून इमिनाला तो स्पष्ट दिसला. दगडावर दगड, वर गोठलेल्या पाण्याची चकाकी, जाताना त्यानं आणि धाकट्या भावानं, मिटेकनं, मिळून मांसावर रचला होता अगदी तसाच. इमिनाच्या जिवात जीव आला.

"सुतारा, आज पोटभर," तो मागं वळून म्हणाला.

कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजवर कातड्यांत गुंडाळलेला ऑल्डन कसाबसा हसला. हा जहाजावरचा गोरा सुतार. ध्रुवाकडं गेलेल्या तुकडीतला. परतीच्या वाटेवर त्याचे पाय गारठून काळे पडले आणि तो सगळ्यांना जड झाला. कॅप्टनला घाई होती. आपली स्लेज हाकायला त्यानं मिटेकला घेतलं, बाकीचे गोरे घेतले आणि पुढं निघून गेला. सुताराला सावकाश घेऊन यायचं काम इमिनाच्या गळ्यात पडलं. निघताना कॅप्टन छातीवर हात ठेवून म्हणाला होता, वाटेवरच्या ढिगातलं निम्मं मांस तुम्हा दोघांचं, त्याला कोणी बोट लावणार नाही.

आमच्याकडं ढिगाची रीत पोरासोरांनाही ठाऊक असते. भुकेल्यानं कुणाचाही ढीग खावा, त्याला कोणी चोर म्हणत नाही. थोडं राहिलं तर दगड परत लावायचे. काहीच उरलं नाही तर दगड पसरून ढीग उघडा टाकायचा. मागून येणाऱ्याला टेकाडावरूनच कळतं, इथं काही नाही. मग तो ढिगाची वाट सोडतो, किनाऱ्याकडं वळतो आणि सील मारतो.

इमिना खाली ढिगाकडं वळला. त्याआधी त्यानं शेवटची शिदोरी सोडली आणि वॉलरसचं उरलंसुरलं मांस कुत्र्यांना आणि सुताराला वाटून टाकलं. सुतार म्हणाला, थोडं ठेव. इमिना हसला. समोर पान वाढलेलं असताना शिदोरी कशाला राखायची? त्याला घराचे वेध लागले होते. घरी आवियाक होती, त्याची बायको. ती त्याचे ओले हातमोजे काढून घेईल आणि दिव्यावरच्या जाळीवर वाळत घालील.

जाळीवरून सुताराची फजिती अख्ख्या गावाला पाठ होती. हिवाळ्यात एकदा त्यानं आपले हातमोजे आवियाकच्या जाळीवर नेऊन टाकले. बाईच्या जाळीवर हातमोजे वाळतात ते तिच्या नवऱ्याचे, हे त्या बापड्याला काय ठाऊक! माझ्या बायकोवर डोळा आहे का रे, म्हणून इमिनानं त्याला छळ छळ छळलं. मिटेक तर हसून हसून लोळला होता.

वाटेत तेच आठवून दोघं पुन्हा हसले.

ढिगापाशी पोचल्यावर इमिनानं बर्फ फोडला. फटींत ठोकून बसवलेले खडे सुरीनं उचकटले. एकेक दगड काढला. आत काहीच नव्हतं. मांसाचा तुकडा नाही, हाड नाही.

सुतार आधी रडला, मग कॅप्टनला शिव्या घालू लागला. आपल्याच माणसाच्या तोंडचा घास काढला, असा कसा हा माणूस!  उचकटलेला एक खडा हातात धरून इमिना बघत राहिला.

परत टेकाड चढून किनारा गाठायची ताकद कुत्र्यांत राहिली नव्हती. त्यात वादळ आलं. मग कुत्रीच मारून खावी लागली, एकामागून एक. गाव जवळ आलं तेव्हा स्लेज इमिनाच ओढत होता आणि सुतार त्याच्या आदल्या दिवशी गेला होता. शेवटपर्यंत त्याच्या तोंडी कॅप्टनचंच नाव होतं.

इमिना घरात शिरला आणि सगळ्यांची दातखीळ बसली. मेलेला माणूस दारातून आत आला होता. गाव त्याचा शोक करून मोकळं झालं होतं. मिटेक सगळ्यांत आधी उठला. दादा, दादा करत त्याच्या गळ्यात पडला. त्याला बसवलं, उकडलेल्या सीलचं भांडं पुढं ओढलं. कॅप्टननं ढीग कसा उपसला, माझा भाऊ मागं आहे म्हटल्यावर बंदूक कशी रोखली, सगळं रडत रडत सांगितलं. मागचे दोघं काही जगत नाहीत, असंही कॅप्टनच म्हणाला होता म्हणे. म्हाताऱ्या बायका कॅप्टनच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागल्या. परक्यांचा काय भरवसा, असं सगळेच म्हणाले.

इमिनानं भांड्याला हात लावला नव्हता.

"मांस कॅप्टननं काढलं, कबूल," तो म्हणाला. "ढीग परत कोणी रचला?"

"त्यांनीच, दादा."

"गोऱ्यांनी रचलेला ढीग कोल्हा नाकानं पाडतो, मिटेक. याच्या फटीफटीत खडे ठोकले होते. वर पाणी ओतून गोठवलं होतं. बाबांनी हे आपल्या दोघांनाच शिकवलं."

मिटेक खाली बघत राहिला.  अखेर आवियाक पुढं झाली.  तिनं नवऱ्याचे ओले हातमोजे काढले आणि सवयीनं दिव्यावर हात नेला. हात तिथंच थांबला.

जाळीवर मिटेकचे हातमोजे वाळत होते.