गॅलरीतली खुर्ची

"ती खुर्ची करकरते," हर्दत कोरीनच्या कानाशी पुटपुटला. "अख्ख्या गॅलरीला ऐकू जातं. आणि बसणाऱ्याचे डोळेही आता..."

"तेल घाल," बुटाची नाडी आवळत कोरीन म्हणाली.

"कुणाला?"

"खुर्चीला. डोळ्यांचं मी बघते."

हर्दत स्क्वॉश क्लबचा सेक्रेटरी. वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरट होता. नदीपलीकडच्या क्लबशी लढत दोन-दोनवर अडली होती. पाचवी मॅच जो जिंकेल, लीगचा कप त्याचा. ती खेळणार होती कोरीन, वय त्रेचाळीस, गुडघ्याला पट्टा. आणि मार्कर म्हणून, म्हणजे स्कोअर पुकारायला, गॅलरीतल्या उंच खुर्चीत बसले होते तिचे वडील, लान्सी अ‍ॅडोनिस. बापाने लेकीची मॅच कशी चालवायची, असं जॉर्जटाउनात कुणी विचारत नसे. अंकल लान्सींनी लेकीला जितकं बाद दिलं होतं, तितकं दुसऱ्या कुणालाच नाही.

"आज एक जरी चूक झाली," हर्दत म्हणाला, "तर पुढच्या गुरुवारी तिथे दुसरं कुणी बसेल. कमिटीचं ठरलंय. त्यांच्या डोळ्यांसाठीच गं."

"चूक झाली तर मी हात वर करीन. नाही केला, तर चूक झाली नाही."

नियम तसाच होता. मार्कर बोलेल ते खरं. हरकत घ्यायची तर कोर्टातल्या दोघींनीच, वरच्यांनी तोंड मिटून बसायचं.

लान्सींनी टोपी मांडीवर ठेवली. शर्टाच्या डाव्या खिशात कागदात गुंडाळलेल्या चिंचेच्या गोळ्या होत्या. कोरीन आठ वर्षांची होती तेव्हापासूनची रीत: तिने एक गेम घेतला की एक गोळी डाव्या खिशातून उजव्या खिशात जायची आणि उजव्या खिशात जमलेलं मॅचनंतर तिच्या हातावर पडायचं. कागद-पेन्सिल त्यांनी कधी धरली नव्हती. स्कोअर डोक्यात.

समोरची पोरगी शेवॉन. एकोणीस वर्षांची, पायात स्प्रिंगा बसवल्यासारखी.

"आंटी, गुडघा दुखला तर सांगा हं," ती दारातच म्हणाली.

"तुझा दुखला तर तू सांग. माझ्याकडे मलम आहे."

पाचातले तीन गेम घेईल तिची मॅच. पहिला गेम कोरीनने घेतला. वर खुर्ची करकरली, गोळी इकडून तिकडे गेली. दुसऱ्यात शेवॉनने तिला चारी कोपरे झाडायला लावले आणि गेम घेतला. गॅलरीत पोलौरीच्या गरम भज्यांची ताटली फिरत होती. पण ती संपत नव्हती, इतकं सगळ्यांचं लक्ष खाली. तिसरा गेम संपला तेव्हा शेवॉन रॅकेटने स्वतःच्याच बुटावर फटके मारत बाहेर आली आणि पाणी प्यायची विसरली. लान्सींचा हात सवयीने खिशाशी गेला.

चौथ्यात ठिणगी पडली. नऊ-नऊ असताना शेवॉनचा एक बॉल पुढच्या भिंतीखालच्या पत्र्याला पुसटसा चाटून गेला. पत्र्याला लागला की पॉइंट गेला.

"डाउन!" लान्सी गरजले.

"अंकल, चष्मा पुसा! स्वच्छ वर होता!"

"चष्मा मी लावतच नाही. तू पत्र्यावरचा डाग बघून ये."

शेवॉन गेली, वाकली. डाग होता. तिने निमूट मान डोलावली. कोरीनने गॅलरीकडे, नेमकं हर्दतकडे पाहिलं. बघितलेस डोळे?

पुढचा बॉल तिने कोपऱ्यात असा ठेवला की तो पडला तो उठलाच नाही. अकरा-नऊ.

शेवॉन हात मिळवायला पुढे करत तिच्याकडे आली. वर लान्सींचा हात खिशाशी गेला.

"गेम कोरीनचा!" त्यांचा आवाज घुमला. "दोन-दोन. शेवटचा गेम!"

शेवॉनने हात मागे घेऊन चड्डीला पुसला. घामाघूम झाली होती. वर हर्दत अर्धा उठला. कोरीनने खालून त्याच्यावर अशी नजर रोखली की तो उठला तसाच खाली बसला. मग शेवॉनकडे बघून तिने मान हलवली आणि कपाळावरचा घाम उडवला.

"चल," ती म्हणाली. "सर्व्हिस माझी."

"आंटी, पण..."

"मार्करने काय सांगितलं?"

तो गेम क्लबात बरेच दिवस आठवला जाईल. कोरीन लंगडत होती, पण मागे हटत नव्हती. भिंतीवर आपटली, उठली, पुन्हा आपटली. दहा-दहा. मग अकरा-दहा, शेवॉनकडे. शेवटचा बॉल कोरीनच्या रॅकेटच्या टोकाला लागून पत्र्यावर वाजला.

"बारा-दहा. मॅच शेवॉनची, तीन-दोन!"

टाळी एकही वाजली नाही, नदीपलीकडच्यांचीसुद्धा. शेवॉन जमिनीकडे बघत उभी राहिली.

कोरीन हनुवटी वर करून जिना चढली.

"एक शब्द बोलली असतीस..." हर्दतचा आवाज रडवेला झाला होता.

"माझी काही हरकत नव्हती. तुझी आहे?"

हर्दत वाटेतून बाजूला सरकला.

"ये गं," लान्सी म्हणाले. "हरलीस तरी जेवढं जमलं तेवढं तुझं." कोरीनने तळवा पुढे केला. त्यांनी उजव्या खिशात हात घातला. एक गोळी ठेवली. दुसरी ठेवली. हात पुन्हा आत गेला आणि बाहेर आला तेव्हा बोटांत तिसरी होती.

कोरीनने झटकन मूठ मिटली. "जास्तीची आली असेल, डॅडी. ठेवा."

"माझा हात चुकत नाही." त्यांनी तिची मूठ उघडली, तिसरी गोळी आत ठेवली आणि गॅलरीतला एकेक चेहरा बघितला. जो तो नजर चुकवत होता.

मग ते उठले. खुर्ची करकरली, अख्ख्या गॅलरीला ऐकू गेली.

"मॅच कोरीनची!" त्यांचा आवाज तसाच घुमला. "तीन-एक. चौथ्या गेमलाच संपली होती."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"आणि हर्दत, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मी विसरायला लागलोय."