बेडकीचं दुखणं

नट काही केल्या हलेना. मास्तरांनी दातओठ खाऊन जोर लावला, पाना सटकला आणि बोटाचं सालटं निघालं.

"हा लावून बघा," वहिनींनी दुसरा पाना पुढे केला. नट मुकाट्याने सुटला.

"हाच मागणार होतो," मास्तर म्हणाले. म्हणायला काय जातंय!

बेडकी म्हणजे वहिनींची जुनी विलायती गाडी. एवढीशी, गोल पाठीची, दोन्ही दिवे डोळ्यांसारखे वर आलेले. तिचे सगळे नट इंचाच्या मापाचे. मास्तर पहिल्या रविवारी मिलिमीटरच्या पान्यांचा कोरा करकरीत संच घेऊन ऐटीत आले होते आणि त्यातला एकही पाना धड बसला नव्हता. वहिनी आत गेल्या. इंची पान्यांची एक जुनी पेटी आणून त्यांनी मास्तरांच्या पायाशी ठेवली.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरी संपली, पाठोपाठ बायको गेली आणि घर खायला उठलं. संध्याकाळी पाय नेतील तिकडे फिरायचे. असेच एकदा या फाटकापाशी आले, आत बॉनेट उघडलेली गाडी दिसली म्हणून थबकले. गाडीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी हात पुसत विचारलं, "ह्यांच्याबरोबर गाडी दुरुस्त करायला यायचे ते मित्र तुम्हीच का? हे गेले, कळलंच असेल."

मास्तरांनी 'ह्यांना' जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्या दिवशी सकाळपासून त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "हो वहिनी. मीच तो."

झालं. एकदा थाप मारली की ती निस्तरणं आलं. मास्तर आठवडाभर वाचनालयात बसून गाड्यांची पुस्तकं पालथी घालायचे आणि रविवारी हजर व्हायचे. बेडकीही मोठी गुणाची. एक दुखणं बरं झालं की दुसरं काढायची. कधी कार्बोरेटर, कधी पंख्याचा पट्टा, कधी नुसतीच घरघर. मास्तर मनातल्या मनात तिचे आभार मानायचे.

पण आज दुखणी संपली होती. नवी बॅटरी जोडली की गाडी सुरू. आणि गाडी सुरू झाली की मास्तरांनी यायचं कशाला? एवढा एक रविवार सोडला तर त्यांच्या आठवड्यात होतं काय? वार नुसते बदलायचे.

बॅटरी जागेवर बसली. आता वायरी. जुन्या विलायती गाड्यांचा एक उफराटा कारभार असतो. आता सगळ्या गाड्यांत बॅटरीची उणे बाजू गाडीच्या अंगाला जोडतात, हिला अधिक बाजू लागते. उलटं झालं तर काहीतरी जळणार. मास्तरांनी हे वाचलं होतं आणि साफ विसरले होते. उणे बाजूची वायर अंगाकडे घेऊन ते वाकले.

"अहो, बोटातून रक्त येतंय," वहिनी म्हणाल्या. "आधी हात धुऊन या बघू."

ते हात धुऊन परतले तेव्हा वायरी जोडलेल्या होत्या. अधिक बाजू अंगाला. मास्तर चपापले. मग त्यांना पुस्तकातलं पान आठवलं आणि ते सुखावले. मघाशी आपणच जोडून गेलो असणार. वय झालं, लक्षात राहत नाही. पण हात कसे बरोबर चालतात!

बेडकी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मास्तर उसनं हसले. सगळं आटोपलं.

वहिनींनी गाडी बंद केली, चहा आणला. दोघं शेडमध्येच स्टुलांवर बसले.

"एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "गाडीखाली पडल्यापडल्या तुम्ही दोघं काय बोलायचात?"

मास्तरांनी घाईघाईने चहाचा घोट घेतला. "बोलणं कुठलं, वहिनी! तो कामाला लागला की त्याला जगाचं भान नसायचं. नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचा. काय हात होता त्याचा!"

वहिनींनी रुमाल तोंडाला लावला. त्यांचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या चार घटकांच्या सोबतीसाठी एका विधवा बाईला रडवायचं? शोभतं का हे? त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, मी खोटारडा आहे. तुमच्या नवऱ्याला मी कधीच भेटलो नाही. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून येत राहिलो. चुकलं माझं. आता नाही येणार."

ते उठले. फाटकापर्यंत जायचं आणि मागे वळून बघायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं.

"बसा हो मास्तर," मागून वहिनींचा आवाज आला. रुमाल खाली आला होता, आणि त्या हसत होत्या. हसून हसून डोळे लाल झाले होते. "ह्यांना साधं चाकसुद्धा बदलता येत नव्हतं. तुम्ही येईपर्यंत या गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. तो मित्रही मीच रचलेला."

मास्तर परत येऊन स्टुलावर बसले.

वहिनींचं हसू हळूहळू ओसरलं. त्या कपाकडे बघत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी डायनामो बिघडवणार आहे. याल ना?"