सोमवारचा फ्रॉक

फ्रॉक लालसर आला होता.

आत्याने कागद मशीनवरून उतरवला, खिडकीपाशी नेला, मग दिव्याखाली धरला आणि गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यात आधीच तीन गुंडाळ्या होत्या.

"मला तर बरोबर दिसतोय," भाची म्हणाली.

"तुला भूक लागलीये. भुकेल्या माणसाला सगळंच बरोबर दिसतं."

छपाईच्या त्या दुकानात भिंती राखाडी होत्या, पडदे राखाडी, आणि कामावर असताना आत्याही राखाडीच. अंगावरच्या रंगाची झाक कागदावर पडते, असं तिचं म्हणणं. भाची एकदा लाल स्वेटर घालून आली, तर तिला दिवसभर दाराबाहेर बसून फोन घ्यावे लागले होते.

दर सोमवारी दुकान उघडलं की पहिलं काम ठरलेलं. चार फूट रुंदीच्या मशीनवर एका चार वर्षांच्या मुलीचा फोटो छापायचा. गोल कॉलरचा पिवळा फ्रॉक, कपाळावर आलेले केस, मागे पांढरी भिंत. तो वाळू द्यायचा. मग काळ्या पाकिटात, अंधारात जपलेल्या पहिल्या प्रतीशेजारी ठेवायचा आणि तळहाताएवढं यंत्र टेकवून रंगाचे आकडे घ्यायचे. पिवळा जुळला तरच आठवड्याचं काम सुरू. नाही जुळला, तर कागदाचा रोल बदललाय, हवा दमट आहे, की शाईचं एखादं छिद्र तुंबलंय, ते हुडकत बसायचं. अठरा वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता.

"मशीन खोटं बोलणारच," आत्या सांगायची. "पण रोज एकच खोटं बोललं पाहिजे. एकच असलं की सांभाळून घेता येतं."

लोक लांबून यायचे ते उगीच नाही. एक चित्रकार तर आपलं मूळ चित्र इथेच विसरून त्याची छापील प्रत घरी घेऊन गेला होता. आठवड्याने आत्यानेच फोन करून त्याला कळवलं.

आज मात्र सोमवार नव्हता, गुरुवार होता, आणि तोच फोटो माणसाच्या उंचीचा करायचा होता. फोटोतली मुलगी, आत्याची धाकटी बहीण, शनिवारी येणार होती. बावीस वर्षांनी. दोघींची आई शेवटची काही वर्षं तिच्याकडेच राहिली, समुद्रापलीकडे, आणि तिथेच गेली. भाचीचे वडीलही आता नव्हते. तो फ्रॉक पाहिलेलं तिसरं माणूस उरलं नव्हतं.

"तिने एकदा 'हाच' म्हटलं की झालं," आत्या म्हणाली.

"आणि नाही म्हणाली तर?"

आत्याने यंत्राची काच पुसली. पुन्हा पुसली. "तर दुकानाच्या किल्ल्या तुझ्याकडे. अठरा वर्षं मी ज्याच्यावरून लोकांचे रंग पारखले, तेच चुकलेलं असेल तर इथे बसायचं कोणत्या तोंडाने?"

"आकडे यंत्र घेतं, आत्या."

"यंत्राला मी शिकवलं. मला फ्रॉकने."

"मग मूळ फोटो काढ ना. त्याच्यावरूनच..."

"मूळ राहू दे. पाठीची सहा बटणं रोज मी लावायचे. तो पिवळा माझ्या बोटांत आहे."

पाचवा कागद शुक्रवारी दुपारी निघाला. आत्या त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "जा, जेवून ये." भाचीला कळलं, जमलं.

शनिवारी धाकटी आली ती कापडी पिशवी छातीशी धरून. फोनवर तिने सांगितलंच होतं, आईच्या पेटीत एक गंमत सापडलीये, आल्यावर दाखवते. दोघी बहिणी आधी एकमेकींच्या पांढऱ्या केसांवर हसल्या. मग धाकटीने भिंतीवर लावलेल्या मोठ्या फोटोकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"ताई, काळ्या-पांढऱ्या फोटोतून हे कसं केलंस तू?"

भाचीने चमकून आत्याकडे पाहिलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"रंग मी भरले. आठवून आठवून," आत्या म्हणाली. "ते सोड. फ्रॉक बघ. हाच ना? खरं सांग, माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस."

धाकटी जवळ गेली. खूप वेळ पाहत राहिली. एक हात पिशवीवर होता. यंत्र आत्याच्या मुठीत घट्ट आवळलेलं होतं.

"हाच," धाकटी म्हणाली. "कॉलरपाशी जरा विटलेला, तोसुद्धा तस्साच. मी तर वेडी झाले बघून. एवढं कसं गं लक्षात राहिलं तुझ्या?"

आत्या स्टुलावर बसली. राखाडी ओढणीने तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि भाचीकडे असं पाहिलं, जणू परीक्षेचा निकाल लागला होता.

"बरं, ती पेटीतली गंमत कुठाय?"

"ती होय? घाईत घरीच राहिली बघ."

"वेंधळी ती वेंधळीच राहिलीस. बस, चहा टाकते." आत्या आत गेली. आतून तिचं गुणगुणणं ऐकू आलं. दुकानात ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

भाचीने खुंटीला लावायला म्हणून पिशवी उचलली. तोंड उघडंच होतं. आत पातळ कागदाची घडी सुटून लहानसं कापड वर आलं होतं. गोल कॉलर. पाठीला सहा बटणं. भाचीने मान वर केली, तर धाकटी ओठांवर बोट ठेवून तिच्याचकडे पाहत होती.

इतकी वर्षं पेटीच्या अंधारात राहिल्यामुळे फ्रॉकचा रंग जराही उतरला नव्हता. लख्ख निळा होता.