अकरा भोकांचं पत्र

पत्राला अकरा भोकं होती. कृपादान मास्तरांनी ती दोनदा मोजली, कारण मोजून होईपर्यंत वाचावं लागत नव्हतं.

रविवारची प्रार्थना आटोपून माणसं पांगली होती. मिशनच्या शाळेच्या ओट्यावर समोर गोजरबाई पदर सावरून बसली होती. तिचा दानीएल दोन वर्षांपूर्वी मिशनच्या खर्चानं विलायतेला शिकायला गेला, आणि मागून लढाई पेटली. शेजारी बैल हाकणारा बन्सी. त्याला तिनं मुद्दाम आणलं होतं. काष्टीच्या बाजारात कुणीतरी पेपर वाचत होतं. विलायतेतल्या एका शहराचा जर्मनानं बाँब टाकून चुराडा केला, एवढं बन्सीनं ऐकलं आणि शहराचं नाव बैलांमागं चालता चालता वाटेत सांडून आला. "पुन्यांदा कानावर पडलं की वळखीन," असं तो म्हणाला होता. त्या एका शब्दावर गोजरबाईनं आठ दिवस काढले होते.

"वाचा मास्तर. गावाचं नाव आदी."

नाव तेवढं नव्हतं. जिथं जिथं जागेचं नाव होतं तिथं तिथं कुठल्याशा सरकारी कचेरीत कात्री चालली होती. विचारावं तर मिशनचे साहेब उन्हाळ्यापायी महाबळेश्वरला. आणि बावीस वर्षांत गावातलं एकही पत्र मास्तरांनी अडखळत वाचलं नव्हतं. त्यांनी पत्र गीतांच्या पुस्तकावर ठेवलं, म्हणजे भोकांतून पलीकडचं दिसायला नको, आणि सुरुवात केली.

"'आमचं कॉलेज लढाईमुळं हलवलं. आता आम्ही...'"

लंडन म्हणावं तर तिथं बाँब पडतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विलायतेतलं दुसरं गाव मास्तरांना येत नव्हतं. त्यांना येणारी परदेशी गावं सगळी पवित्र शास्त्रातली, पौल प्रेषिताच्या प्रवासातली. ती मात्र झोपेतही म्हणता येत.

"'...आता आम्ही दर्बे शहरात आहोत.'"

गोजरबाईनं बन्सीकडं पाहिलं. बन्सीनं डोळे मिटून नाव तोंडात घोळवलं.

"ह्ये न्हाई."

तिच्या छातीतून श्वास सुटला. मास्तरांनाही बरं वाटलं. खोटं इतकं सोपं असतं हे त्यांना या वयात कळत होतं.

"'शनिवारी सुट्टी होती. शहर बघायला निघालो. दिवसभराचं एकच तिकीट. कुठल्याही ट्राममध्ये चढा, कुठंही उतरा. ट्राम म्हणजे रुळावरची मोटार, तिला माडी असते. मी माडीवर अगदी पुढं बसलो.'"

"माडीवर? पडंल की!"

"कठडा असतो."

"तुमी पाह्यलाय?"

"पत्रात लिहिलंय," मास्तर म्हणाले. तेही लिहिलं नव्हतं.

"'तिकिटं फाडायला बाई आहे, कारण पुरुष लढाईवर. इकुन्याला चुकीच्या ट्राममध्ये बसलो. लई लांब गेलो. एका म्हातारीनं हात धरून उतरवलं, आपल्या पावातला अर्धा पाव मला दिला. तिथून लुस्त्राला...'"

"ह्येबी न्हाई," बन्सी डोळे मिटूनच म्हणाला.

गोजरबाई मात्र बन्सीकडं बघत नव्हती.

"लुस्त्र? तितं पौलाला दगडं मारली न्हवं का? मेला म्हनून गावाभाईर वढत नेऊन टाकला. तुमीच शिकिवलंत मास्तर, ह्याच वट्यावर."

"ते लुस्त्र निराळं."

"आन इकुन्य? आन दर्बे?" तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून ऐकलेलं एकही तिनं सोडलं नव्हतं. "माझा ल्योक काय पौलामागं हिंडतोय व्हय?"

बन्सी हसला.

गोजरबाईनं हात लांब करून पुस्तकावरचं पत्र उचललं आणि उन्हात धरलं. उन्हाचे अकरा तुकडे तिच्या लुगड्यावर पडले.

"हितं काय हुतं?"

"नाव."

"आन हितं?"

"नावच. सरकारनं कातरलं. दुश्मनाला कळू नये म्हणून."

"बाँब टाकनाराला ठावं असतंय की मास्तर, कुटं टाकला त्यो. ठावं न्हाई ते मला."

तिनं पत्र मास्तरांच्या हातात परत दिलं.

"जेवडं हाय तेवडंच वाचा आता. पदरचं घालू नगा."

पान उलटलं. मागं वरच्या अंगाला तीनच ओळी होत्या. मास्तर पहिलीतल्या पोरासारखं एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागले.

"'अंधार पडायच्या आत शेवटच्या ट्रामनं खोलीवर आलो. तिकीट जपून ठेवलंय, आल्यावर दाखवीन. आईला सांगा, मी...'"

बोट थांबलं. पुढच्या बाजूला शहराचं नाव होतं ते नेमकं इथंच. कात्रीनं ते नेलं, आणि पाठीमागचं दानीएलचं बोलणंही त्याबरोबर नेलं. त्याखाली फक्त सही.

"मी काय?"

"भोक आहे, गोजरबाई."

"आन फुडं?"

"पुढं दानीएल."

बन्सी ओट्यावरून उतरला आणि उगाच बैलांकडं बघत उभा राहिला. गोजरबाईनं वाकून त्या भोकाकडं पाहिलं. त्यातून मास्तरांचं बोट दिसत होतं. मग तिनं पत्र त्यांच्या हातातून घेतलं, पुन्हा गीतांच्या पुस्तकावर ठेवलं आणि मघाच्यासारखं सारखं केलं.

"मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "हितं तेवडं घाला की तुमच्या पदरचं."