साबणाची जाहिरात

टीव्हीवरच्या त्या साबणाच्या जाहिरातीनं पुसेगावच्या विश्वंभररावांचं डोस्कं पार फिरवलं होतं. फेसानं माखलेली बाई, तिचे उघडे खांदे, आणि तेही ऐन जेवणाच्या वक्ताला, लेकीसुनांसमोर! त्यांची बायको आशाबाई मात्र त्या बाईच्या मागच्या निळ्या फरश्यांकडं बघत राहायची.

"बाईमाणसाची आंघोळ अशी चारचौघांत? काहून दाखवतेत हे? बंदीच पाह्यजे!" असं म्हणत विश्वंभररावांनी गावातली माणसं गोळा केली, जीप करून हिंगोली गाठली आणि कलेक्टर कचेरीत निवेदन देऊन फोटोही काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाईनं रोजच्यासारखी अंगणात बाज उभी केली, तिच्यावर जुनं लुगडं टाकलं आणि त्या आडोशाला आंघोळीला बसली. अंगाला साबण लावते न लावते, तोच हार घेऊन गावकरी अंगणात शिरले. विश्वंभररावांचा सत्कार करायचा होता. आशाबाई होती तिथंच अंग चोरून बसली. बादलीतलं पाणी निवून गेलं, तरी भाषणं संपेनात.

"आपल्या मायबहिणींची इज्जत राखणारा माणूस!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. विश्वंभररावांनी गळ्यातला हार सारखा केला आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "अगं ए, कुटं हायेस? मंडळीला चहा ठेव!"



बाजेमागून आवाज आला, "आवो, त्या टीव्हीतल्या बाईला चार भिंती तरी व्हत्या!"