निजवलेली बोटं

संधिवाताने सुजलेली शालनची बोटं महिन्याभरात सरळ झाली.

"मनगटातली चिप मज्जातंतूंना निजवते. मग शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करत नाही," डॉक्टर खुशीत म्हणाले.

जन्मांध शालनने ब्रेलच्या पानावर बोटं फिरवली. तिला कागदसुद्धा जाणवला नाही.

"मी ब्रेल शिकवते, डॉक्टर. हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या भावाला सांगितलं होतं. सही त्यांनीच केली."

"तुझं दुखणं बघवत नव्हतं गं, ताई," हेमंत पुटपुटला.

"म्हणून माझे डोळेच फोडलेस? मला विचारावंसंही वाटलं नाही?" ती कडाडली. "डॉक्टर, बंद करा ती चिप."

"सूज परत येईल."

"येऊ द्या."

तिसऱ्या दिवशी बोटं ठणकू लागली. शालनने खोलीचं दार लावलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हेमंतने दोनदा दार वाजवलं. तिने उघडलं नाही.